फेस बसेपर्यंत

दोन्ही भाग सारखे घ्यायचे, काट्यावर तोलून,
अंदाजानं नाही.
चपट्या काडीनं ढवळायचं,
भांड्यात कुणी झोपलंय असं समजून.
कडा खरवडायच्या, तळ खरवडायचा.
घाई केली की हवा शिरते,
आणि शिरलेली हवा आपणहून निघत नाही.

हे मी चुकत चुकत शिकले,
पोथिया बंदरामागच्या आमच्या वखारीत.
स्पंज संपून वर्षं झाली, वास आहे अजून.
पहिल्यांदा रबरी हातमोजे घातले,
सिलिकोन आळलंच नाही; आठवडाभर चिकट,
नुसतं बघत राहिलं माझ्याकडे.
दुसरा साचा छान निघाला, गुळगुळीत,
कानातल्याचे सहा थेंब.
रेझिन ओतून रात्रभर दाबाखाली ठेवला
तर सकाळी प्रत्येक थेंबाला पुटकुळ्या.
साच्याच्या पोटात हवा राहिली होती.
वरून दिसत नाही.
दाब आला की कळतं कुठं पोकळ आहे.

मग पंप घेतला, अथेन्समधल्या एका
कवळ्या करणाऱ्याकडून, जुना, तेल गळणारा.
बाबा खोक्यावर बसलेले. पंप सुरू झाला
तसा त्यांनी रेडिओ बंद केला.
काटा उतरू लागला
आणि झाकणाखाली सिलिकोन चढू लागलं,
पाठ वळताच उतू जाणाऱ्या दुधासारखं.
(भांडं चौपट मोठं घ्यावं ते यासाठी.)
काठाशी आलं, थरथरलं,
फुटलं, आणि खाली बसलं.

"अस्संच," बाबा म्हणाले.
हात डाव्या मांडीवर.

लिबियाचा किनारा, डेर्नासमोर, सत्तर साल.
बावीस वाव पाणी.
वारा फिरला म्हणून कप्तानानं दोर हलवला
आणि दोघं वर आले, एका दमात, हसत.
"दाब उतरला की हवा फेसाळते, थेमेलिना.
आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं
की रक्तातसुद्धा."
डेकवर दोघांनी सिगारेटी पेटवल्या.
बाबांची अर्धी झाली तेव्हा पाय गेला.
स्केव्होसची तेवढीही झाली नाही.
त्याला वाळूत पुरला, परक्या किनाऱ्यावर,
वर वल्ह्याचा तुकडा रोवून.

आमच्याकडे लग्नात एक नाच असतो,
म्होरक्या काठी घेऊन लंगडतो, पाय लटपटवतो,
लोक ओरडतात, पैसे उधळतात.
बाबा पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या देतात.
मी कधी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

पंप बंद केला. आता झडप उघडायची.
"सावकाश," ते म्हणाले. "सावकाश सोड."
खरं तर इथं फार जपायचं नसतं,
जायची ती हवा गेलेली असते,
उलट वेळ कमी असतो,
वीस मिनिटांत सिलिकोन जड होतं.
मी बोलले नाही.
त्यांचं बोट धरून झडपेवर ठेवलं.

केसभर फिरवायचे, थांबायचे.
ओठ हलत होते, बहुधा वाव मोजत होते.
पंधरा वावांवर थांबले. दहावर फार वेळ.
मी घड्याळाकडे पाठ केली.
बाहेर कोसची फेरी येऊन लागली,
माणसं उतरली, पेट्यांची चाकं वाजली,
बाबा अजून पाण्यातच.

मग ओतलं, हात उंच धरून,
एका कोपऱ्यात, एकतारी पाकासारखी धार.
पण तार तुटत होती. दाट झालं होतं.
दोन थेंबांशी ते नीट पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साचा सोलून काढला, उजेडात धरला.
बाबा दारात, काठीवर रेलून.
"किती निघाले?"
"चार."

"सहातले चार," ते म्हणाले,
आणि रेडिओचं बटण शोधत बसले.
"आमच्या बोटीपेक्षा बरं."